मैदानाच्या मधोमध बाकडं

बाई चहा उभ्यानेच पितात, आणि तो नेहमी गार झालेला असतो.

माणूस समोर आला की आधी त्याच्या पायांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे.

बुटांच्या नाड्या दोनदा बांधतात. एकदा घरी, एकदा शाळेच्या फाटकाशी. पहिली गाठ सुटलेली नसली तरी.

कुठेही चार माणसं जमली की नकळत मोजतात. बँकेत, दवाखान्यात, बसच्या थांब्यावर. मोजून झालं की चेहऱ्यावर समाधान पसरतं. सगळे हजर.

नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारतात ती बाहेरच्या खोलीसाठी असते, पण पोचते खालच्या मजल्यावर. खालचे आजोबा एकदा "आलो, आलो" म्हणत जिना चढून आले होते.

विचारात पडल्या की हाताला चेंडू लागतो. चेंडू नसला तर बटाटा चालतो.

आणि शिट्टी. ती रविवारीसुद्धा गळ्यात असते. घराच्या किल्ल्या त्याच दोरीला लटकतात. मुलं माघारी त्यांना 'शिट्टीबाई' म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक आहे हे त्या मुलांना कळू देत नाहीत.

बाईंचं लहानपण धावण्यात गेलं. दुकानातून काही आणायचं असो, शेजारी निरोप द्यायचा असो, आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोर जिन्याच्या खाली. वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, "हिच्यात ब्रेकच बसवलेला नाही." पुढे शाळेच्या शर्यती झाल्या, कॉलेजच्या झाल्या. कपाट चषकांनी भरलं. मग एका शर्यतीत, वळणावर, गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल. धावण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. बाईंना ते न बोललेलंच ऐकू आलं.

त्या खेळाच्या शिक्षिका झाल्या. स्वतः शिकल्या तसंच शिकवू लागल्या. रांग करा. अंतर घ्या. हात वर, हात खाली. मैदानाला फेऱ्या. मग चेंडू. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद. वर्ग घड्याळासारखा चालायचा. पालक खुश होते. जी मुलं धावायची तीही खुश होती.

जी धावायची नाहीत ती बाकड्यावर असायची.

बाकडं मैदानाच्या कडेला होतं, नळाच्या पलीकडे, झाडाखाली. लांबलचक, लोखंडी पायांचं, कुठल्यातरी जुन्या वर्गातून हाकललेलं. घरून चिठ्ठी आणली की त्यावर बसायला मिळायचं. दमा, पाठदुखी, परवाच उतरलेला ताप, नाहीतर नुसतंच 'बरं नाही'. दर वर्षी मुलं बदलायची. बाकडं भरलेलंच राहायचं. बाई तास सुरू करताना त्यावरची डोकी मोजायच्या. हजर. मग पाठ फिरवायच्या.

त्या वर्षी नववीच्या तासाला बाकड्यावर दाटी होती. मधोमध बसायची ती पंप. दम्याचा पंप कायम मुठीत, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिने ते स्वतःच मिरवायला सुरुवात केली होती, म्हणजे चिडवण्यातली मजाच गेली. छाती नाजूक, पण जीभ भक्कम. तिच्या शेजारी डोंगर. तो बसला की दोघांची जागा जायची. तो कुणाला काही बोलायचा नाही, कुणी बोललं तरी.

एक दिवस मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. शाळेत त्यांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त रिकामी जागा दिसली की तिथे अभ्यास ठेवावासा वाटायचा.

"बाई, आनंदाची बातमी आहे. ते बाकडं उचलायचं."

"दुरुस्तीला?"

"कायमचं. चिठ्ठीवाली मुलं पुढच्या सत्रापासून खेळाच्या तासाला अभ्यासिकेत बसतील. नाहीतरी बसतातच ना? तिथे बसून चार गणितं तरी सोडवतील. तुमच्याही डोक्याचा ताप कमी."

"आणि खेळ?"

"कुणाचा?" सरांनी विचारलं.

ते टाळत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, कुणाचा. बाईंच्या ते जिव्हारी लागलं. कारण क्षणभर त्यांनाही उत्तर सुचलं नव्हतं.

"एकदा अभ्यासिकेत गेलेली मुलं पुन्हा मैदानावर येणार नाहीत, सर."

"आत्ता तरी कुठे येतात?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणून बाईंना राग आला. "क्रीडादिनापर्यंत थांबा. तोवर मी बाकडं रिकामं करून दाखवते."

"म्हणजे चिठ्ठ्या फाडणार?"

"नाही. मुलं आपली आपण उठतील."

सर हसले. "ठरलं. क्रीडादिनाला मी जातीने येईन. बाकडं रिकामं दिसलं तर अभ्यासिकेचा विषय संपला. एक जरी मूल बसलेलं दिसलं, तर मात्र माझं ऐकायचं."

बाई बाहेर पडल्या. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, आपण पैज लावून बसलो, आणि हातात काहीच नाही. चेंडूसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाकड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सत्राअखेर अभ्यासिकेची टांगती तलवार आहे, हे त्यांनी मुलांना स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "बोला, तुम्हाला काय खेळायचंय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हा प्रश्न परीक्षेत येणार आहे की काय, अशा चेहऱ्याने.

"काही नाही, बाई," शेवटी पंप म्हणाली. "आम्ही बसतो."

मग बाईंनी स्वतःच ठरवलं. मैदानाच्या एका कोपऱ्यात सोपा खेळ मांडला. रबरी कड्या खुंटीत टाकायच्या. धावपळ नाही, धाप नाही, काही नाही. मुलं निमूटपणे उठली, कड्या टाकू लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर!

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून आवाज आला. "ए, बालवाडी सुटली का रे?" तो रॉकेट होता. वर्गातला सगळ्यात वेगवान मुलगा. पाठोपाठ हशा उसळला.

डोंगरने हातातली कडी हळूच खाली ठेवली. पंप बाईंकडे आली.

"बाई, रागावू नका. पण आम्ही बाकड्यावरच बरे होतो. तिथे निदान आमच्याकडे कुणी बघत नव्हतं."

सगळे पुन्हा जाऊन बसले. आणि कड्या गोळा करणाऱ्या बाईंकडे मात्र अख्खं मैदान बघत होतं.

त्या रात्रीच्या भाजीतले बटाटे बाईंनी चिरण्याऐवजी झेललेच जास्त. नवरा दाराशी उभा राहून बघत होता. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. मितभाषी माणूस. घरातलं बोलण्याचं काम बाई करायच्या, त्यामुळे त्याला कधी गरज पडली नव्हती.

"अगं, पडेल तो."

"पडू दे. अहो, मी त्यांना सोपं करून दिलं, तर त्यांना अपमान वाटला. अवघड दिलं तर जमणार नाही. मग करायचं काय?"

तो म्हणाला, "मागे दुकानात एक गंमत झाली. जो येईल तो तक्त्याची शेवटची ओळ चुकायचा. तरणीताठी पोरंसुद्धा. मी सगळ्यांना नंबर वाढवून देत सुटलो."

"मग?"

"मग एकदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पाहिलं. खिडकीचा उजेड नेमका त्या ओळीवर पडत होता. मी उभा राहायचो तिथून तो दिसतच नव्हता."

बाईंच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

पुढच्या तासाला त्यांनी खेळणाऱ्या मुलांना चेंडू दिला आणि स्वतः बाकड्यावर जाऊन बसल्या. पंप आणि डोंगर यांच्या मध्ये, जेमतेम मावतील एवढ्या जागेत. मुलं आधी आक्रसली. बाई काही बोलत नाहीत असं पाहून हळूहळू सैलावली.

"आता रॉकेट चेंडू कुणाला देणार?" पलीकडून कुणीतरी पुटपुटलं.

"कुणालाच नाही. स्वतः नेणार," पंप म्हणाली.

रॉकेटने स्वतः नेला.

"आता तो उंच मुलगा डावीकडे पडणार."

तो डावीकडे पडला. बाकड्यावर दबका हशा पिकला. कुणीतरी हातावर पेनाने रेघ मारली. ज्याचा अंदाज बरोबर, त्याला एक गुण. बाईंनी वळून पाहिलं. सगळ्यांच्या हातांवर रेघा होत्या. डोंगरच्या हातावर सर्वांत जास्त.

"कधीपासून चाललंय हे?"

"पाचवीपासून," डोंगर म्हणाला. बाईंनी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाड, शांत आवाज. "बाई, ती निळ्या बुटांची मुलगी मघापासून एकटी मोकळी उभी आहे. तिला कुणी चेंडूच देत नाही. दिला असता तर दोन गोल झाले असते."

बाईंनी मैदानाकडे पाहिलं. खरंच होतं. आयुष्यभर मैदानात उभं राहून त्यांना जे दिसलं नव्हतं, ते इथून लख्ख दिसत होतं. ही मुलं बसलेली नव्हतीच. खेळत होती, फक्त चेंडू त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

"मग खेळ तुम्हीच बनवा," बाई म्हणाल्या. "अख्ख्या वर्गासाठी. रॉकेटसाठीही. मी मध्ये पडणार नाही."

"खरंच?" पंपने डोळे बारीक केले. "शपथ?"

"अगं, बाईंना शपथ घालतेस?"

"तुम्ही मध्ये पडता, बाई. सवय आहे तुम्हाला."

पुढचे काही तास बाकड्यावर भांडणं झाली. अशी की बाईंना दोनदा मध्ये पडावंसं वाटलं. त्या दोन्ही वेळा नळावर जाऊन पाणी पिऊन आल्या.

खेळ तयार झाला तो असा. पळायचं नाही, फक्त चालायचं. हा पंपचा नियम. हातात चेंडू असेल त्याने जागचं हलायचं नाही, नुसता फेकायचा. आणि संघातल्या प्रत्येकाच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय गोल करायचा नाही. हा डोंगरचा. "नाहीतर मला कोण देणार?" एवढंच तो म्हणाला, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. जो पळेल तो बाद. पण बाद झालेल्याने बाहेर जायचं नाही. जागच्या जागी खाली बसायचं, पुढचा गोल होईपर्यंत. आणि चेंडू त्याच्याही हाताला लागलाच पाहिजे.

शेवटचा नियम सगळ्यात अजब होता. बाकडं मैदानाच्या मधोमध न्यायचं. त्याच्या दोन टोकांना दोन संघांचे दोन सांगणारे उभे. बोलायचं फक्त त्यांनी. बाकी सगळे गप्प. तोंडातून चकार शब्द निघाला की बाद.

"गप्प का?" बाईंनी विचारलं.

"मैदानावर सगळे ओरडतात, बाई. ऐकत कुणीच नाही," पंप म्हणाली.

बाकडं उचलायला आठ-दहा जण लागले. एका टोकाला डोंगर एकटा होता. खेळाचं नाव काय ठेवायचं, हा प्रश्नच आला नाही. बाकडं.

पहिला डाव व्हायच्या आधी बाई पंपच्या आईला भेटल्या. ती एका दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे तिला सगळी भीती तपशिलासकट माहीत होती.

"आणि चुकून धावलीच तर?"

"तर बाद होईल. खेळाचाच नियम आहे. तिनेच केलाय. बहुतेक वेळ बाकड्यावर उभीच असेल, आणि पंप खिशात."

आई म्हणाली, "ती घरी काही सांगत नाही हो. हल्ली मात्र जेवताना चमचे मांडून कोण कुठे उभं राहणार ते दाखवते. आमचं जेवण गार होतं." आणि होकार दिला.

पहिला डाव म्हणजे नुसता गोंधळ होता. रॉकेट तोंड वाकडं करून आला. "हा काय खेळ आहे? बागेत फिरायला आल्यासारखं चालायचं?"

"बोललास. बाद," बाकड्यावरून पंप म्हणाली.

तो बसला. उठला, आणि चार पावलांत पळाला. बाद. पुन्हा उठला, पुन्हा पळाला. पाय त्याचं ऐकतच नव्हते. पण त्याच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय गोल होत नव्हता, म्हणून त्याचाच संघ त्याच्याकडे दात ओठ खाऊन बघत होता. बोलायची सोय नव्हती. रॉकेटला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू खेळाला सूर सापडला. मैदान शांत झालं. बुटांचा आवाज, चेंडूचा आवाज आणि बाकड्यावरचे दोन आवाज. "निळे बूट, दोन पावलं मागे. डोंगर, वर बघ." सांगणाऱ्यांपैकी एकाने उत्साहात उडी मारली की दुसरा आपल्या टोकावर डुलायचा. मध्येच पंपने हात वर केला. सगळे होते तिथे थांबले. तिने खिशातून पंप काढला, दोनदा ओढला, जरा थांबली. मैदान तिच्या श्वासासाठी थांबलं होतं. "हं. कुठे होतो आपण?" आणि खेळ पुढे सुरू.

चेंडू निळ्या बुटांच्या मुलीकडे होता. सगळ्यांच्या हाताला लागून झाला होता. तिने फेकायला हात उचलला.

आणि बाईंनी शिट्टी वाजवली.

का वाजवली, त्यांनाही सांगता आलं नसतं. गोल होणार असं दिसलं की त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. इतक्या वर्षांचा हात होता तो. वर्ग जागच्या जागी थिजला. मुलीचा हात हवेतच राहिला. चेंडू सुटून भलतीकडे गेला.

बाकड्यावरून पंप बाईंकडे बघत होती. सगळेच बघत होते.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही बाद."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग गुडघा सांभाळत जागच्या जागी खाली बसल्या. मैदानाच्या मातीत, पांढऱ्या बुटांसह. त्यांना आयुष्यात कुणी बाद केलं नव्हतं. शर्यतीत तसं होतच नाही. तिथे फक्त हरतात.

मोठे सर खिडकीत आले ते याच वेळी. खेळाच्या तासाला मैदानावरून आवाज येत नाही म्हणजे कुणाला तरी लागलं असणार, असं वाटून ते धावतच आले होते. खाली पाहतात तो सगळा वर्ग पुतळ्यासारखा उभा आणि बाई मध्येच मातीत बसलेल्या. "बाई, बरं आहे ना?" ते वरून ओरडले. बाईंनी हात वर करून बरं आहे म्हणून खूण केली. बोलता येत नव्हतं.

क्रीडादिनाच्या दिवशी मैदानाभोवती पालकांची गर्दी होती. धावण्याच्या शर्यती झाल्या, लांब उड्या झाल्या. रॉकेटने नेहमीप्रमाणे चषक उचलले. बाईंचं कशात लक्ष नव्हतं. बाकड्यावरच्या मुलांना त्यांनी पैजेबद्दल काही सांगितलं नव्हतं. मुलांनीही विचारलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं, आज अभ्यासिकेचा निकाल आहे.

मोठे सर कडक इस्त्रीच्या पँटमध्ये आले आणि थेट झाडाकडे गेले. तिथे बाकडं नव्हतं. मातीत चार पायांच्या खुणा फक्त.

"बाई, बाकडं कुठाय?"

बाईंनी मैदानाच्या मध्याकडे बोट केलं. बाकड्याच्या दोन टोकांना दोन मुलं उभी होती. एक पंप.

"पण रिकामं ठरलं होतं आपलं."

"बसलेलं कुणी दिसतंय का, सर?"

सरांनी डोळे बारीक करून पाहिलं. "बघू," म्हणाले, आणि कडेला उभे राहिले. वाटाघाटीत माणसाने असं उभं राहू नये. खेळ दिसू लागतो.

डाव सुरू झाला. पालकांना वाटलं, मुलं गप्प आहेत म्हणजे अजून सुरुवात व्हायची आहे. ते गप्पा मारत राहिले. मग एकेक जण थांबला. शांतता मैदानातून काठावर पसरली. पेढीवरचे, दुकानांवरचे, कामावरून आलेले सगळे बाप माना पुढे काढून बघू लागले.

बरोबरी होती. शेवटचा गोल ठरवणार होता. पंपच्या संघात सगळ्यांच्या हाताला चेंडू लागला होता, एक रॉकेट सोडून. आणि त्याच क्षणी रॉकेटचे पाय पुन्हा सुटले. तो गोलाच्या दोन दगडांकडे धावत सुटला, मध्येच त्याच्या लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता.

"रॉकेट, बाद," पंप म्हणाली. आपल्याच संघातल्याला.

तो गोलापासून हातभर अंतरावर मटकन खाली बसला. दुसऱ्या संघाची मुलं चालत चालत आली, त्याच्याभोवती हात उंचावून उभी राहिली. भिंतच. चेंडू डोंगरकडे होता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आणि रॉकेटच्या हाताला लागल्याशिवाय गोल नव्हता.

कुणी हललं नाही. पंपची आई गर्दीत उभी होती. तिचा उजवा हात पर्समध्ये होता. दुसरा पंप त्या हातात होता.

"अरे, निळ्या बुटांकडे टाक! मग तिकडून!"

आवाज काठावरून आला होता. मोठा, घोगरा, भान हरपलेला. मोठ्या सरांचा.

पंपने मानसुद्धा वळवली नाही. "सर, बाद."

काठावर कुणीतरी हुंदका द्यावा तसं हसू दाबलं. सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाई आकाशाकडे बघत होत्या. मोठे सर इस्त्रीच्या पँटसकट खाली बसले.

"डोंगर," पंप म्हणाली. आता तिचा आवाज अगदी हळू होता, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जात होता. "समोर बघू नकोस. झाड बघ. झाडाच्या शेंड्याएवढा उंच टाक."

डोंगरने झाड पाहिलं. दोन्ही पाय मातीत घट्ट रोवले. शाळेच्या इतक्या वर्षांत त्याने जोर लावून काही फेकलं नव्हतं. कुणी फेकायला दिलंच नव्हतं. त्याने हात मागे नेला, आणि चेंडू वर गेला. इतका वर गेला, की सगळ्या मैदानाच्या माना वर गेल्या. हात उंचावलेल्या मुलांच्याही. फक्त एकाची मान नाही. रॉकेट बसून होता, मांडीवर दोन्ही हात ओंजळीसारखे धरून. आयुष्यात पहिल्यांदा वाट बघत.

चेंडू त्याच्या ओंजळीत पडला. त्याने तो बसल्या बसल्या दोन दगडांच्या मधून घरंगळवला.

मग जो आवाज झाला, त्याने झाडावरचे सगळे पक्षी उडाले. डोंगर तसाच उभा होता, हात पुढे, जणू चेंडू अजून वरच आहे. पोरं त्याला उचलायला धावली. उचलला गेला नाही, म्हणून सगळी त्याला चिकटली. रॉकेट सगळ्यात आधी पोचला. पळत. आता पळलेलं चालत होतं. पंपच्या आईचा हात पर्समधून रिकामाच बाहेर आला आणि दुसऱ्या हाताबरोबर टाळ्या वाजवू लागला. पंप बाकड्यावर नाचत होती, आणि दुसऱ्या टोकाचा सांगणारा हरला असूनही तोल सांभाळत हसत होता.

बाई मोठ्या सरांकडे गेल्या. ते अजून बसलेलेच होते.

"उठा सर. गोल झाला की बाद झालेले उठतात."

सर उठले. पँट झटकली. माती गेली नाही. "बाई," ते म्हणाले, "त्या अभ्यासिकेचं मी कुठे बोललोय का कुणाजवळ?"

"माझ्याजवळ."

"मग तुम्ही विसरा." ते दोन पावलं गेले आणि परत वळले. "आणि मी बरोबर सांगत होतो हं. निळ्या बुटांकडे टाकला असता तरी झाला असता."

"नसता झाला, सर," बाकड्यावरून पंप म्हणाली.

त्या दिवशी घरी जाऊन बाईंनी नवऱ्याला सगळा डाव चमचे मांडून दाखवला. इतक्या मोठ्याने, की खालचे आजोबा जिन्यात येऊन शेवटपर्यंत ऐकून गेले.

नव्या शालेय वर्षात मोठ्या सरांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि रुंद कुंचला बाईंच्या हाती दिला. शेजारच्या शाळांची मुलं बाकडं खेळायला येणार होती. मैदान पक्कं आखून ठेवा, म्हणाले, एकदाचं.

बाईंनी फाटकाजवळून सुरुवात केली. वाकून, गुडघा सांभाळत, दोरी ताणून, सरळ रेघ. नळापर्यंत पोचल्या, तेव्हा समोर बुटांची दाटी दिसली. मान वर केली. नववीची मुलं आता दहावीत होती. त्यांच्याबरोबर एक नवा मुलगा होता, चाकांच्या खुर्चीत.

"बाई, थांबा," डोंगर म्हणाला. "इथे याची चाकं रुततात. रेघ तिकडून न्यायला हवी, सिमेंटच्या वाटेवरून."

"तिकडून नेली तर झाड मैदानात येईल," रॉकेट म्हणाला.

"येऊ दे की. झाडालाही चेंडू लागला तर धरायचा."

"झाडाला हात असतात का?"

"फांद्या असतात."

"यालाच विचारा ना आधी," पंप म्हणाली. नव्या मुलाने वाटेकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मला अजून खेळ कळला नाहीये. आधी एक डाव बघू दे."

बाईंनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि बाजूला झाल्या.

मोठे सर अजून अधूनमधून विचारतात, आखणी कुठवर आली. बाई सांगतात, मुलांचं ठरतंय. कुंचला केव्हाच वाळून कडक झाला आहे. रेघ फाटकापासून निघते, सरळ नळापर्यंत येते, आणि तिथे थांबते.